गच्चीवरून आकाश बघायला कॉम्प्युटरवाली दुर्बीण कोणती घ्यावी? (ठाणे, घोडबंदर रोड)

घोडबंदरकर | १६ नोव्हेंबर २०२५, रात्री ११.४०

मंडळी, मदत हवीय. लेक सातवीत आहे आणि दिवाळीच्या सुट्टीपासून तिच्या डोक्यात एकच, दुर्बीण. आधी मला वाटलं स्केटिंगसारखंच असेल, महिनाभर गाजेल आणि मग माळ्यावर, पण नाही हो, रोज रात्री जेवताना शनी किती वाजता वर येतो हा विषय असतोच. आम्ही कासारवडवलीला राहतो, बावीस मजल्यांची बिल्डिंग, गच्चीची चावी सेक्रेटरींकडे, ती मागायला आधी चहा प्यायला जावं लागतं. आकाश म्हणाल तर राखाडी-नारंगी, खाली रोडचे दिवे आणि मेट्रोच्या कामाचे फ्लडलाइट.

मला स्वतःला चंद्र आणि फार तर सप्तर्षी ओळखता येतात, म्हणून म्हटलं कॉम्प्युटरवाली घ्यावी, बटण दाबलं की आपली आपण वळते म्हणे. बजेट साठ हजार, ताणलं तर थोडं वर. प्रश्न एवढाच की ठाण्यातून खरंच काही दिसतं का, का पैसे पाण्यात?

---

कळवा_लोकल | १७ नोव्हेंबर, सकाळी ७.५५

दिसतं की, समोरच्या टॉवरमधल्या कोणाकडे कुठला टीव्ही आहे ते अगदी स्पष्ट दिसतं 😄

---

खारघरचा_निशाचर | १७ नोव्हेंबर, रात्री १०.२०

कळवावाले दादा, हसण्यावारी नेऊ नका, पहिल्या आठवड्यात सगळे तेच बघतात.

घोडबंदरकर, आधी वाईट बातमी. खोक्यावर चार हजार ऑब्जेक्ट, चाळीस हजार ऑब्जेक्ट असं काय काय लिहिलेलं असतं, त्याला भुलू नकोस. यंत्राला पत्ता माहीत आहे म्हणजे वस्तू दिसेल असं नाही. दीर्घिका वगैरे आपल्या आकाशात धुवून निघतात, मी खारघरहून देवयानी बघतो तर भिंतीवर पुसलेल्या खडूसारखा एक डाग, बस्स. पण चंद्र, गुरू, शनी, जोडतारे, कृत्तिका, मृगातला तेजोमेघ, उन्हाळ्यात वृश्चिकाच्या शेपटीकडचे तारकागुच्छ, हे सगळं शहरातून मस्त दिसतं. ग्रहांना प्रकाशप्रदूषणाचा काही फरक पडत नाही, त्यांना हवा स्थिर लागते. आणि हवेचं म्हणाल तर गच्चीचा स्लॅब दिवसभर तापलेला असतो, रात्री दहापर्यंत त्यातून गरम हवा वर येत राहते आणि गुरू पाण्याखाली ठेवल्यासारखा हलतो. दहानंतर बघ, फरक कळेल.

आता घ्यायचं काय. साठ हजारात १३० मिमी व्यासाचा गोटू, म्हणजे बटण दाबलं की आपली आपण वळणारी, बसेल, सेलेस्ट्रॉनचा नेक्सस्टार १३० एसएलटी किंवा स्काय-वॉचरचा त्याच जातीचा. १३० मिमी आरसा, ६५० मिमी फोकल लेंथ. २५ मिमीचा आयपीस, म्हणजे डोळा लावायचं भिंग, लावलास तर ६५० भागिले २५, २६ पट, ९ चा लावलास तर ७२ पट. शनीची कडी दिसायला एवढं पुरतं. दुकानदार ५०० पट सांगेल, तो आकडा या कानाने ऐकून त्या कानाने सोडून दे, आपल्या हवेत दीडशेच्या वर गेलं की नुसता गोळा मोठा होतो. सहा इंची ६ एसई फार सुंदर आहे पण बजेटच्या खूप वर जाते.

एक मात्र कर, इक्वेटोरियल माउंट (नळी फिरवणाऱ्या बैठकीचा एक प्रकार) घेऊ नकोस. त्याला ध्रुवावर रोखावं लागतं. आपलं अक्षांश १९, म्हणजे ध्रुव क्षितिजापासून जेमतेम १९ अंश वर, आणि तुझ्या उत्तरेला टॉवर असणारच. ध्रुव दिसणारच नाही तर रोखणार कशावर. साधा वर-खाली, डावी-उजवी फिरणारा अल्ट-अझ माउंट बरा.

---

नौपाड्याचे_काका | १७ नोव्हेंबर, रात्री ११.०५

मी जरा वेगळं सांगतो, राग मानू नका. आधी द्विनेत्री (बायनॉक्युलर) घ्या, १० बाय ५० ची. आणि एकदा वांगणीला जाऊन या. बदलापूरच्या पुढचं स्टेशन, तिथे खगोल मंडळाचे रात्रभराचे कार्यक्रम होतात, वेगवेगळ्या दुर्बिणींतून बघायला मिळतं. न बघता साठ हजार घालणं म्हणजे स्थळ न बघता साखरपुडा.

दुसरं, ही कॉम्प्युटरवाली माणसाला पांगळं करते असं माझं मत. आमच्या वेळी मृग दिसला की त्याच्या पोटातला बाण धरून सरळ खाली आलं की व्याध, उलट वर गेलं की रोहिणी, तिथून पुढे कृत्तिका. एवढं आलं की हिवाळा खिशात.

---

घोडबंदरकर | १८ नोव्हेंबर, सकाळी ९.१०

काका, राग कसला. पण खरं सांगू का, लेकीला आता द्विनेत्री म्हटलं तर ती म्हणेल बाबा तुम्ही कटवताय. आणि मला मृग दाखवायला कोणी नाही ना, म्हणून तर यंत्र. वांगणीचं मात्र नक्की करतो.

---

सीवूड्सची_मावशी | १८ नोव्हेंबर, दुपारी २.३०

मी गेल्या वर्षी सीस्टार एस ५० घेतली, तिसऱ्या प्रकारची म्हणून सांगते. तिला डोळा लावायची जागाच नाही, ५० मिमीची छोटी डबी, चित्र थेट मोबाईलवर येतं. ती दहा-दहा सेकंदांचे फोटो काढून एकावर एक रचत जाते आणि शहरातल्या आकाशातूनसुद्धा मृगाचा तेजोमेघ गुलाबी होत होत वर येतो. तारे स्वतःच ओळखते, अलाइन बिलाइन, म्हणजे आधी आपण तारे दाखवून यंत्राला आकाश ओळखायला लावणं, काही नाही. आमच्या सोसायटीच्या पोडियमवर ठेवते आणि वर घरात पोळ्या करता करता बघते, खोटं नाही सांगत.

पण गुरू-शनी तिच्यात टिकलीएवढे. आणि नात म्हणाली, आजी हे तर यूट्यूबसारखंच आहे. त्यावर मला उत्तर सुचलं नाही.

---

खारघरचा_निशाचर | १८ नोव्हेंबर, रात्री ९.४५

मावशी, +१. लेकीला ग्रह बघायचेत तर आयपीसवालीच. शनीवरून आठवलं, यंदा शनी बघून हिरमोड व्हायची तयारी ठेव. मार्च २०२५ मध्ये त्याची कडी आपल्याला बरोबर धारेवर आली होती, हे साधारण पंधरा वर्षांतून एकदा होतं. आत्तासुद्धा कडी म्हणजे गोळ्यात आरपार खुपसलेली सुई. पुढच्या वर्षापासून पुन्हा उघडत जाईल. तेव्हा पोरीला आधीच सांगून ठेव, नाहीतर दुर्बीण खराब निघाली म्हणेल. गुरू मात्र जानेवारीत झकास आहे, १० जानेवारीला प्रतियुतीत येतोय, म्हणजे सूर्य मावळला की हा उगवणार आणि रात्रभर राहणार, पुनर्वसूच्या दोन ताऱ्यांजवळ.

घेतलीस की या चार गोष्टी. आतल्या पेन्सिल सेलवर अवलंबून राहू नकोस, मोटर तासाभरात ते पिते आणि व्होल्टेज पडलं की यंत्राला वेड लागतं, भलतीकडे फिरत सुटतं, आणि लोकांना वाटतं बोर्ड गेला. इन्व्हर्टरच्या दुकानात यूपीएसची १२ व्होल्ट ७ एएच बॅटरी मिळते, ती घे, पण पिनचं प्लस-मायनस मॅन्युअलमध्ये बघूनच वायर जोड, उलटं झालं तर खरंच बोर्ड जाईल. ट्रायपॉड लेव्हलवर हवा, बुडबुडा बघून. अलाइन करताना तारा मधोमध आणायचा ना, तेव्हा शेवटची हालचाल दर वेळी वर आणि उजवीकडेच कर, म्हणजे गिअरमधला ढिलेपणा एका बाजूला बसतो. मधोमध आला की नाही कळत नसेल तर फोकस बिघडव, ताऱ्याचा मेदूवडा होतो, आणि वडा मधोमध बसवणं सोपं जातं.

आणि दिवसा सूर्याच्या दिशेला नळी न्यायचीच नाही. पुढे लावायचा सोलर फिल्टर नसेल तर अजिबात नाही, फाइंडरमधूनही (नेम धरायच्या छोट्या जोडणीतूनही) नाही. मोटर दुसरीकडे जाताना वाटेत सूर्य ओलांडते, तिला कळत नाही. लेकीला एकटीला दिवसा देऊ नकोस.

---

ऐरोलीकर_१२ | १९ नोव्हेंबर, सकाळी ८.२०

वाचतोय. माझ्याकडे मोबाईल अडकवायची आहे, स्टारसेन्स एक्सप्लोरर. मोटर नाही, मोबाईलचा कॅमेरा आकाश बघून सांगतो तू इथे आहेस, बाण दाखवतो तिकडे ढकल. हात वापरावा लागतो म्हणून पोरं कंटाळत नाहीत. फक्त आपण ढकलून सोडलं की तारा दोन मिनिटांत बाहेर, सोसायटीची पंधरा पोरं रांगेत असली की दर वेळी परत शोधा. गोटूचा खरा फायदा मला तिथे वाटतो, एकदा धरलं की धरून ठेवते.

---

घोडबंदरकर | १० जानेवारी २०२६, रात्री ११.५०

धागा वर काढतोय. दुर्बीण आली!!! दुकानदाराने दीड महिना आज-उद्या केलं, कुठला ते विचारू नका. १३० चीच घेतली, मोटरवाली. नेमकी प्रतियुतीच्या आदल्या दिवशी हातात पडली म्हणून आज सगळी वरात गच्चीवर, बायको, आई, लेक, तिच्या दोन मैत्रिणी, थर्मासमध्ये चहा.

आणि पार पोपट झाला.

निशाचर यांनी सांगितलेलं सगळं केलं. बुडबुडा मधोमध, बॅटरी यूपीएसची. हँडसेटमध्ये (दुर्बिणीचा रिमोट) जागा, वेळ, तारीख भरली. मग टू स्टार अलाइन घेतलं तर तो म्हणतो व्हेगा. व्हेगा कुठला मला काय माहीत, उत्तरेकडे एक ठसठशीत पिवळट तारा होता तो धरला. मग म्हणतो अल्टेअर. आणखी एक धरला. फेल. परत केलं, फेल. तिसऱ्यांदा कसं काय देव जाणे पण सक्सेस म्हणाला. मी खूष. ग्रहांच्या यादीत गेलो तर गुरू नाहीच! डोक्यावर हा एवढा ढळढळीत, नुसत्या डोळ्याने दिसतोय, आणि यादीत नाव नाही. शनी होता, म्हटलं चला शनी तरी, तर नळी घर्रर करत पूर्वेला वळली आणि समोरच्या टॉवरच्या वरच्या कुठल्यातरी मजल्यावर जाऊन थांबली. आयपीसमध्ये निळ्या एलईडीची माळ आणि एक वाळत घातलेला पंचा. पोरी लोळून हसल्या.

पीस खराब आहे का? परत करू का?

---

कळवा_लोकल | १० जानेवारी, रात्री ११.५८

मी नोव्हेंबरातच सांगितलं होतं 🙏

---

नौपाड्याचे_काका | ११ जानेवारी, सकाळी ६.१०

यंत्रातलं मला ओ की ठो कळत नाही, पण एक विचारतो. व्हेगा म्हणजे अभिजित ना, आणि अल्टेअर म्हणजे श्रवण? अहो, पौषात रात्री नऊला अभिजित कुठून येणार, तो आत्ता पहाटे उगवतो, आत्ताच बघून आलो. आणि श्रवण तर सूर्याच्याच बाजूला आहे, दिसायचाच नाही. श्रवण डोक्याजवळ, अभिजित वायव्येला आणि शनी पूर्वेला, हे पितृपक्षातलं आकाश झालं. तुमचं यंत्र कुठल्या महिन्यात आहे ते आधी बघा.

तुम्ही उत्तरेकडे धरलात तो ब्रह्महृदय असणार.

---

खारघरचा_निशाचर | ११ जानेवारी, सकाळी ८.३०

काका, साष्टांग दंडवत. मी हेच लिहायला आलो होतो पण मला हँडसेटवरून कळलं, तुम्हाला आकाशावरून.

घोडबंदरकर, तू तारीख १०/०१/२६ टाकलीस, बरोबर? तो अमेरिकन पद्धतीने आधी महिना घेतो, मग दिवस. त्याच्या लेखी काल १ ऑक्टोबर २०२६ होता. आता ताडून बघ. १ ऑक्टोबरला रात्री नऊला अभिजित आणि श्रवण वर आहेत म्हणून त्याने तेच मागितले. गुरू त्या दिवसांत पहाटे उगवतो, आणि यादीत फक्त क्षितिजाच्या वरचेच ग्रह येतात, म्हणून गुरू गायब. शनी त्या रात्री खरोखरच पूर्वेला असेल, म्हणून नळी पूर्वेला. काल खरा शनी तुझ्या पश्चिमेला होता. यंत्र शंभर टक्के शहाणं आहे, परत बिरत करू नकोस.

आज ०१/११/२६ टाक. टाइम झोन साडेपाच तास पुढे, डेलाइट सेव्हिंग विचारेल तिथे स्टँडर्ड. जागा स्वतः भरत असशील तर रेखांशाला पूर्व आहे ना बघ, ७३ पश्चिम झालं तर हैतीजवळ कॅरिबियन समुद्रात पोचशील. तारे व्याध आणि ब्रह्महृदय घे, हँडसेटमध्ये सिरियस आणि कपेला. एकमेकांपासून लांब आहेत, त्यामुळे अलाइन चांगलं बसतं. तीन तारे, नाव माहीत नसलं तरी चालतं, असाही एक पर्याय असतो पण टॉवरांच्या मधल्या आकाशाच्या पट्टीत लांब लांबचे तीन मिळणं कठीण, तो मैदानासाठी.

---

सीवूड्सची_मावशी | ११ जानेवारी, सकाळी १०.१५

नावांची एक चिठ्ठी करून हँडसेटच्या मागे चिकटव. आल्डेबरान रोहिणी, प्रोसियॉन प्रश्वा, रेग्युलस मघा, स्पायका चित्रा, आर्क्ट्युरस स्वाती, अँटारेस ज्येष्ठा, कॅनोपस अगस्त्य. यजमानांच्या जुन्या दुर्बिणीला मी अशीच लावली होती, पंचांग बघणाऱ्या सासूबाईंना त्यातली निम्मी तोंडपाठ निघाली.

---

घोडबंदरकर | १२ जानेवारी, रात्री १२.४०

काका, निशाचर, दोघांचे पाय कुठे आहेत.

तारीख नीट टाकली, सिरियस मागितला. आई खुर्चीवर शाल गुंडाळून बसली होती, तिला विचारलं आई व्याध कुठला ग, तर न उठता बोट केलं, तो काय, मृगाच्या मागे लागलेला. माझ्या आईला हे माहीत आहे हे मला बेचाळिसाव्या वर्षी कळलं. मेदूवडा मधोमध बसवला, मग ब्रह्महृदय, पहिल्याच फटक्यात सक्सेस. यादीत गुरू आला. बटण दाबलं, नळी घर्रर करत वर गेली, थांबली, लेकीने डोळा लावला आणि काही बोलेचना. मी म्हटलं काय झालं, तर म्हणे बाबा गप्प बसा, हलतंय. चार चंद्र एका रेषेत, आणि ७२ पटीला गोळ्यावर दोन करडे पट्टे. दहानंतर तर पट्टे कोरल्यासारखे झाले, स्लॅबचं म्हणणं तंतोतंत खरं. तिने वहीत गोल काढून चार ठिपके मांडले, बाजूला वेळ लिहिली, तासाभराने परत बघितलं तर एक ठिपका सरकलेला. आता रोज चावी मागायची म्हणतेय.

शनी आधीच बघून घेतला होता, सुईच. मृगातला तेजोमेघ २६ पटीला करडा, रंग नाही पण पंख पसरलेल्या वटवाघळासारखा आकार, आत चार बारीक तारे. मला तर गुरूपेक्षा तेच आवडलं.

एक शंका, साडेअकराला नळी हाताला ओलसर लागली. दव? लगेच झाकण लावून खाली आणली.

---

खारघरचा_निशाचर | १२ जानेवारी, सकाळी ७.५०

लगेच झाकण लावू नकोस!! आत्ता उठून काढ. ओलं असताना बंद केलं की ओल आत कोंडते आणि आरशावर बुरशी. खाली आणल्यावर नळी तोंड खाली करून पंख्याखाली अर्धा तास, सुकली की मग झाकण. आणि मेपासूनच सिलिका जेलची सोय कर, निळी गोळी गुलाबी झाली की कढईत मंद आचेवर परतून पुन्हा निळी होते, पण ती कढई मग स्वयंपाकाला वापरायची नाही. जून ते सप्टेंबर दुर्बीण बंद डब्यात, अधूनमधून उन्हाचा दिवस मिळाला की हवेशीर ठेवायची. माझी पहिली दुर्बीण मी पावसाळ्यात पलंगाखाली ठेवली होती, गणपतीत उघडली तर आयपीसच्या काचेवर कोळ्याचं जाळं असावं तशी बुरशी.

---

घोडबंदरकर | १२ जानेवारी, सकाळी ८.०५

काढलं काढलं. पंख्याखाली आहे.

---

कळवा_लोकल | १२ जानेवारी, सकाळी ८.१०

ते सगळं राहू दे, पंच्याचं काय झालं?

---

घोडबंदरकर | १८ जानेवारी, रात्री १०.३०

पंच्यावाले काका समोरच्या टॉवरच्या वरच्या मजल्यावरचे निघाले. शनिवारी लिफ्टमध्ये दुसऱ्याच कोणाला सांगत होते की त्या बिल्डिंगच्या गच्चीवरून कोणीतरी आमच्या घरात बघतं. मी गुपचूप ओळख करून दिली आणि रात्री वर या म्हटलं. आले, काकूंनाही घेऊन आले, हाताची घडी घालून. गुरू दाखवला, चंद्र मोजून घेतले त्यांनी बोटावर. मग काकूंनीच विचारलं की आमची निळी माळ तुमच्या डोळ्यात जात असेल ना, दिवाळीपासून काढायची राहिलीय.

आज माळ बंद आहे. सेक्रेटरींनी चावीची डुप्लिकेट करून दिली, शंभर रुपये सोसायटीत भरून पावती घ्यायला सांगितलीय.

---

नौपाड्याचे_काका | १९ जानेवारी, सकाळी ६.००

आता रात्री नऊ-साडेनऊला दक्षिणेला, व्याधाच्या खाली जरा उजवीकडे, बिल्डिंगा आड येत नसतील तर अगस्त्य बघा. आईंना विचारू नका, आधी लेकीला शोधू द्या.

---

घोडबंदरकर | १९ जानेवारी, रात्री ९.५५

आड येतेय काका. पाण्याच्या टाकीवर चढलं तर दिसेल म्हणतेय, मी नाही म्हटलंय. वांगणीचं विचारतो आता.